पोटखराब

९ सप्टेंबर
सकाळच्या एसटीने बीडहून तेलगावला. शेताचं मूल्यांकन होतं. परळीचा एक व्यापारी उसाचा वजनकाटा टाकायला ते मागतोय. वडील, म्हणजे दादा, गेल्यावर सातबाऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव लागलं, म्हणून बोलावणं.

मूल्यांकनवाले साहेब तरुण. विहीर सामायिक का? पाणी कधीपर्यंत टिकतं? रस्त्याला तोंड किती? भाऊ उत्तरं देत होता. मी लिंबाखाली उभी.

मग रस्त्याकडच्या त्या न नांगरलेल्या कोपऱ्याशी आले. "एवढंच का सोडलंय?"

"खडक हाय साहेब." भाऊ, माझ्याकडे न बघता.

साहेबांनी बुटाची टाच मारली. काळी माती वर आली. "खडक कुठला, मामा? बरं, पोटखराब धरतो. शेतीत त्याला भाव नसतो."

नापीक तुकड्याचा सरकारी शब्द. एसटीत शेजारी बसून घरापर्यंत आला.

१० सप्टेंबर
डाळ करपली.

पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी. रडलीच नाही. दादांनी तिला शेतात पुरलं. कुठे, ते मला कुणी सांगितलं नाही. दरसाल तेवढ्या तुकड्यात औत जाईना, त्यावरून कळलं. पुढे मूल नाही.

आज काही वाटायला हवं होतं. पातेलं घासलं.

१७ सप्टेंबर
भावाचा फोन. शेती म्हणून धरलं तर तो कोपरा फुकट, काट्यासाठी धरलं तर सगळ्यात महाग तोच. ट्रॅक्टर तिथूनच आत वळणार. तो वगळला तर व्यापारी घेणार नाही.

"मग रे?"

"मग काय. दिवाळी झाली की पुन्हा कोयता. हिची कंबर तर..."

तो आणि भावजय दरसाल ऊस तोडायला जातात. यंदा जायचं नव्हतं.

ह्यांना सांगितलं. "सही करून मोकळी हो." त्यांनी तो कोपरा पाहिलेला नाही. बोलताना टीव्हीचा आवाज मात्र कमी केला.

२९ सप्टेंबर
तेलगाव. भावजय कंबरेला ओढणी आवळून भाकरी थापत होती. मी थापते म्हटलं. "बसा वो आक्का. तुमची भाकर मांजर बी खाईना." हसली, मग उठताना भिंतीला धरलं.

जेवून भाऊ नि मी शेतात.

"खडक म्हणलं की सुटंल वाटलं, आक्का."

"तुला माहीत होतं?"

"खड्डा मीच खंदला व्हता. दादाचे हात लई कापत व्हते."

एवढी वर्षं मला वाटायचं, हे दादांना नि मलाच...

ऊन होतं. रस्त्याने एक टेम्पो गेला. मी विचारलं, "डोकं कुणीकडं?"

त्याने रस्त्याकडे हात केला. बराच वेळ खाली घेतला नाही.

सोमवारी साहेबांना कळवायचंय, तो कोपरा विक्रीत धरायचा की नाही.