वेताचा स्लॅब

२ जानेवारी १९५६, गडचिरोली
मनकर्णा माहेरी गेली, चामोर्शीला. कारण उघड आहे : छप्पर. माकडं मातीचे कवेलू फोडतात, पाऊस स्वयंपाकघरात येतो. जाताना म्हणाली, "कवेलू फेरून द्या म्हणून किती सांगून राह्यली, तुमी आयकता कुठी?" ऐकलं होतं. पण ओव्हरसिअरच्या घरावर कवेलू शोभत नाहीत. संकल्प : उन्हाळ्याच्या आत स्लॅब. मग येईल मुकाट्यानं.

१० जानेवारी
सिमेंट मिळालं. लोखंड परमिटवर. परमिट कचेरीतला बाबू दात काढून म्हणाला, "पुलालेच सळई पुरत नाई, तुमच्या घराले कुठून आणू?" असल्या माणसांमुळे देश मागे आहे. संतापून बाहेर पडलो तर रस्त्यावर सुकलू बुरूड वेताच्या टोपल्या विकत बसलेला. एक टोपली दोन्ही हातांनी ताणली. तुटेना. लोखंड जमिनीतून येतं, वेतही जमिनीतूनच. हे आजवर कुणाला सुचलं कसं नाही?

२४ जानेवारी
सुकलू आणि त्याची बायको सुकरी जाळी विणायला आले. सळईच्या जागी ही जाळी. वेत नाल्यात भिजवून घेतला. सुकलू म्हणतो, "ओला विणला का वाळल्यावर गच्च आवळते, साहेब." त्याच्या टोपल्या मजबूत, तेव्हा स्लॅबही मजबूत. सुकरीनं विचारलं, एवढी मोठी खाट कोणाची?

४ फेब्रुवारी
जुने कवेलू उतरवले. शेजारचे रामाजी म्हणाले, "थोडे ठेवा ना भाऊ, काऊन घाई करता?" मुद्दाम सगळे वाटून टाकले.

१२ फेब्रुवारी
स्लॅब टाकला. सुंदर. मनकर्णाला मुद्दाम कळवलं नाही. बातमी जाईलच.

६ मार्च
कडेला वेताचं एक टोक बाहेर राहिलंय. सहज ओढलं. हातभर बाहेर आलं. परत आत सरकवलं, तर सुरळीत गेलं. ओला वेत वाळून आत बारीक झाला असावा. टोपलीत आवळतो, मग सिमेंटात सैल का पडावा? किरकोळ बाब. कुणाला सांगायचं कारण नाही.

१३ मार्च
मार्कंड्याच्या जत्रेत मनकर्णा भेटली. वाळली आहे, तापात होती म्हणे. तिला उभ्या उभ्या सगळी जाळी समजावली. शेवटी म्हणाली, "मी कशी हाय, हे तं इचारलंच नाई तुमी." मी म्हटलं, स्लॅबखाली गारवा असतो, तुला बरं वाटेल. ती भावामागं चालू लागली. बायकांना बांधकामातलं कळत नाही.

२ एप्रिल
आधाराच्या बल्ल्या काढायला घेतल्या. निम्म्या निघाल्या आणि स्लॅब मधोमध बसला, जुन्या बाजेसारखा. घाईनं परत ठोकल्या. मजूर बाहेर पळाले, भित्रे लेकाचे. बल्ल्या तूर्त राहू देतो. चुलीपाशी वाकून जावं लागतं, एवढंच.

१९ एप्रिल
सकाळी बैलगाडी दारात. मनकर्णा आली म्हणून शर्ट बदलून धावलो. गाडीत एकटा तिचा भाऊ, मुखरू. तिची पेटी न्यायला आलेला. बल्ल्यांमधून आडवा होत त्यानं पेटी बाहेर काढली. मी वेताबद्दल सांगत होतो. तो ऐकत नव्हता.

विचारलं, येणार कधी? बैल जुंपता जुंपता म्हणाला, "ताई आता येत नाई, भाऊजी. मले म्हणे, त्याह्यले तेवढं त्या सलाबाखाली झोपू देऊ नोको." मग स्वतःच आत गेला आणि माझी बाज उचलून अंगणात आणून ठेवली. मी नको म्हटलं नाही.

गाडी वळेपर्यंत बाजेवर बसून होतो. फार वाईट वाटलं. वेत चुकला, हे मान्य. पण लोखंड मिळालं असतं तरी ती आली असती, असं आता वाटत नाही.