गलबतावरचा आठवा माणूस

मी, गलबतांची चित्रं काढणारा, वय शहात्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही.

१. राहतं घर पुतणीला. समोरच्या खोलीतली खिडकीजवळची जागा तिने आईच्या शिलाई मशीनला द्यावी. याच जागेवरून माझं आणि थोरल्या भावाचं वाजलं. दादाला तिथे बायकोचं मशीन हवं होतं, मला माझा उजेड. सहा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

२. ब्रश आणि रंग शेजारच्या पाट्या रंगवणाऱ्याला. माझी शिडी त्याने नेली ती नेलीच, तेव्हा तीही त्यालाच.

३. संग्रहालयातलं माझं चित्र. मी दोरसुद्धा मोजून काढतो, असं लोक म्हणतात. त्या अबोल्यातल्याच एका सकाळी धक्क्यावर बसून मी निघणारं गलबत काढलं. त्यावर आठ जण होते. मी सात काढले. दादा डोलकाठीपाशी उभा राहून मला हात करत होता. मी मान फिरवली.

गलबत परत आलं नाही. खलाशांची यादीही त्याच्याबरोबर बुडाली. मग माझ्या चित्रातली माणसं ओळखून स्मारकाच्या दगडावर सात नावं कोरली. दादा चढलाच नाही, बायको-पोरीला टाकून पळाला, असं लोक बोलू लागले. मी तोंड उघडलं नाही. आधी लाज वाटली, मग फार उशीर झाला. वहिनींनी अडतीस वर्षं ते बोलणं ऐकून घेतलं. मी त्यांचा गुन्हेगार आहे.

४. काल मी रंगांची पेटी घेऊन संग्रहालयात गेलो. रखवालदाराने विचारलं, “काका, नुसतं वॉर्निश ना?” मी म्हटलं, “नुसतं वॉर्निश.” आता डोलकाठीपाशी दादा उभा आहे, पांढऱ्या सदऱ्यात, हात वर केलेला. रंग ओला आहे, कोणी बोट लावू नये. बँकेत असेल ते सगळं दगडावर त्याचं नाव कोरायला वापरावं.

५. वहिनींना काही देत नाही. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, असं वकील म्हणतात, आणि या कागदावर मला साक्ष त्यांचीच हवी आहे.

ठिकाण : खिडकीची खोली
दिनांक : १४ फेब्रुवारी
सही : (चित्रकार)

साक्षीदार १ : (संग्रहालयाचा रखवालदार) सही

साक्षीदार २ : (वहिनी) वाचून सही केली. भाऊजी, माफ केलेलं नाही. सदरा निळा होता, मीच शिवला होता. तो दुरुस्त केल्याशिवाय मरायचं नाही.