तीळ नसलेला वाढदिवस

आई, तुझ्या नातीचा पाचवा वाढदिवस तुला सांगायचा राहून गेलाय. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही ठरलं नव्हतं. त्यामुळे तुला नात आहे, ती कतारमध्ये जन्मली, मराठी सगळं कळत असून उत्तर मात्र इंग्रजीत देते, यातलं काहीच तुला ठाऊक नाही. तिचा जन्म पौषातला. आपल्या स्वयंपाकघरात तीळ भाजल्याचा वास असायचा, त्याच दिवसांतला. तू कढईत तीळ टाकून वर चाळणी उपडी धरायचीस, तीळ तडतडून चाळणीवर आपटायचे आणि जे बाहेर उडायचे ते मी ओट्यावरून वेचून खायचे. तिला तीळ चालत नाहीत, आई. आवडत नाहीत असं नाही. तीळ पोटात गेले तर तिचा श्वास अडकतो.

हे आम्हाला कळलं ती नुकती वाक्यं जुळवायला लागली होती तेव्हा. आम्ही राहतो त्या अल खोरला, समुद्राकाठच्या एका हॉटेलात तिने हमस चाटलं. हमस म्हणजे हरभऱ्याची चटणी, पण तिच्यात तिळाचं वाटण असतं. बघता बघता तिचे ओठ सुजले, डोळे मिटायला लागले. त्या वेळी दवाखाना जवळ होता आणि रस्ते सरळ होते, म्हणून निभावलं. डॉक्टरांनी तपासण्या करून पेनासारखं दिसणारं एक इंजेक्शन दिलं. ते कायम जवळ ठेवायचं, वेळ आली की मांडीत टोचायचं आणि तरीही लगेच दवाखान्यात आणायचं, असं बजावलं. सरावासाठी बिनसुईचं एक पेन मिळालं होतं. मुलगी शाळेत गेली की मी सोफ्यावरच्या उशीला ते टोचत बसायचे. इथे तीळ कुठे नसतात? ब्रेडवर, मिठाईत, सॅलडमध्ये, सगळीकडे. माझ्या मुलीला आभाराच्या 'शुक्रन'च्या आधी 'सिमसिम' हा तिळाचा अरबी शब्द आला. दुकानात काउंटरशी टाचा उंच करून ती विचारायची, नो सिमसिम?

माझा नवरा रास लफानला गॅसच्या प्लांटमध्ये आहे, शिफ्टमध्ये. धोक्याशी त्याचा रोजचा संबंध, म्हणून असेल, पण तो घरात कधी घाबरत नाही. मी मात्र प्रत्येक पाकिटामागची बारीक अक्षरं दोनदा वाचायचे, तिला कुणाच्या घरी खायला पाठवायचे नाही, शाळेतल्या पार्ट्यांच्या दिवशी तब्येतीचं कारण सांगून तिला घरीच ठेवायचे. तो एकदा म्हणाला, तू घराचा प्लांट करून टाकलायस. चिडून नाही म्हणाला, दमून म्हणाला. मला त्याचं पटलं आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी तेच केलं.

ही भीती माझ्यात तुझ्याकडून आलेली नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तू नर्स होतीस आणि शाळा सुटली की मी तिथल्या व्हरांड्यातल्या बाकावर दप्तर घेऊन बसायचे. एका दुपारी एका बाईने विंचू चावलेलं पोर आणलं. डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले. त्या पोराला दरदरून घाम फुटलाय, तोंडातून लाळ गळतेय, त्याची आई भिंतीला टेकून ओरडतेय, आणि मी दारात उभी राहून रडतेय. तू माझ्याकडे वळूनही बघत नाहीस. सलाईनची नळी लावता लावता नेहमीच्याच आवाजात म्हणतेस, "रडायचं असेल तर व्हरांड्यात जाऊन रड. इथे थांबायचं तर बाटली धर." मी बाटली धरली. हात उंच करून, खांदा भरून येईपर्यंत. पोर जगलं. घरी जाताना तू शाबासकी दिली नाहीस, वाटेत बोरं विकायला बसलेल्या बाईकडून बोरं घेऊन माझ्या ओच्यात टाकलीस, एवढंच. मला त्या बोलण्याचा कितीतरी वर्षं राग होता. दहा वर्षांच्या मुलीशी असं बोलतात का, असं वाटायचं.

तर तो पाचवा वाढदिवस. इथे होणाऱ्या फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून अवकाश होता, पण तयारी अशी चालली होती की जणू पाहुणे दारात उभे आहेत. आमच्या गावाबाहेर तंबूच्या आकाराचं प्रचंड स्टेडियम उभं राहिलं होतं. तुझी नात त्याला 'माय तंबू' म्हणायची. जिकडे तिकडे खणलेलं, नारिंगी शंकू, सिमेंटचे अडथळे. काल जिथे वळण होतं तिथे आज पत्र्याची भिंत. लोक वैतागायचे, हसायचे, इन्शाल्ला वर्ल्ड कपच्या आधी घरी पोचू म्हणायचे. मला हसू यायचं नाही. मुलीला शाळेत सोडलं की मी गाडी घेऊन दवाखान्यापर्यंत जाऊन यायचे, आज कोणता रस्ता चालू आहे ते बघायला. दवाखान्याच्या दारात गाडी वळवायची आणि परत. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तिला वाढदिवसाला वर्गातल्या मैत्रिणी हव्या होत्या. मी नाही म्हटलं. घरातल्या घरात करू, आपण चौघं, म्हटलं. चौथ्या म्हणजे सासूबाई. त्या थंडीचे दोन महिने आमच्याकडे राहायला नाशिकहून आल्या होत्या. आई, त्यांच्याबद्दल तुला सांगायलाच हवं. त्यांनी यायच्या आधी गोडा मसाला तीळ न घालता केला. मिक्सरच्या भांड्यात आधी कधी तीळ वाटले असतील म्हणून शेजारणीचं नवं भांडं मागून आणलं. तो मसाला त्या दिवशी लागणारही नव्हता, कारण मुलीने पावभाजीच मागितली होती.

पाव आम्ही नेहमी एकाच बेकरीतून आणायचो. त्या आठवड्यात त्या बेकरीकडे जाणारा रस्ता बंद झाला. नवऱ्याने आदल्या संध्याकाळी दुसऱ्या एका दुकानातून आणले, तिथल्या माणसाला नीट विचारून. मी घरी एकेक पाव उजेडात धरून पाहिला, खालून, वरून, फोडून. काही नव्हतं. सकाळी नवऱ्याला प्लांटमधून फोन आला, शिफ्टचा माणूस आजारी पडलाय, यावं लागेल. संध्याकाळी केक कापायला नक्की येतो, असं मुलीला कबूल करून तो कंपनीच्या बसने गेला. आत गेल्यावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे मला माहीत होतं.

दुपारी सासूबाईंनी तिला पाटावर बसवून ओवाळलं. ती नव्या फ्रॉकमध्ये, डोक्यावर कागदी मुकुट, निरांजनाकडे बघून फुंकर मारायला निघालेली. सासूबाई हसत तिचं तोंड बाजूला करतायत. भाजी अजून कुकरमध्ये होती आणि तिला भूक लागली होती, म्हणून मी तिला लोणी लावलेला पाव दिला. तिने अर्धा खाल्ला. मग जीभ बाहेर काढून बोटाने चोळत म्हणाली, "मम्मा, माय टंग इज फनी."

मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं. मानेवर लाल चट्टे उठत होते. ती खोकली, पुन्हा खोकली, आणि मग तो आवाज यायला लागला, श्वास आत घेताना होणारा, शिट्टीसारखा. पेन शेजारच्या कपाटात होतं. लोक सांगतात की अशा वेळी गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो. मला तुझा आवाज आला नाही, आई. मला फक्त कुकरची शिट्टी ऐकू येत होती आणि गॅस बंद करायला हवा, असं वाटत होतं. पेन हातात होतं आणि मी उभीच होते. उशीला कितीदा टोचलेलं, पण ही उशी नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

सासूबाई खाली बसल्या होत्या. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, दोन्ही पाय आपल्या हातांनी घट्ट दाबले आणि मला म्हणाल्या, "तू टोच. मी धरलंय."

मी टोचलं. फ्रॉकवरूनच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि शिकवल्याप्रमाणे दाबून धरलं. ती किंचाळली. ते किंचाळणं ऐकून मला बरं वाटलं, कारण किंचाळायला श्वास लागतो. मग मी ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि नुसता पत्ता सांगितला नाही, कोणता रस्ता बंद आहे, कुठल्या अडथळ्याच्या आधी डावीकडे वळायचं, तेही सांगितलं. त्यासाठीच जणू मी रोज ती गाडी फिरवत होते. तरी ॲम्ब्युलन्स येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होत्या आणि मी तिच्या छातीकडे बघत होते, वर, खाली, वर, खाली.

ॲम्ब्युलन्सबरोबर आलेल्या माणसाने तिला तपासलं, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "खलास मॅडम, खलास. शी इज ब्रीदिंग वेल." इथे खलास म्हणजे झालं, आता काळजी नको. तेव्हा माझे हात कापायला लागले. इतके की त्याने मला पट्टा लावून बसवलं.

दवाखान्यात तिला रात्रभर ठेवून घेतलं, त्रास परत उलटू शकतो म्हणून. नवऱ्याला निरोप मिळायला संध्याकाळ झाली. तो प्लांटवरच्या निळ्या कव्हरऑलमध्येच आला, मुलीजवळ उभा राहिला, तिच्या कपाळाला हात लावला आणि मग बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसला. मी शेजारी बसले. आपल्या बुटांकडे बघत तो म्हणाला, "पाव मी आणला होता."

मी म्हटलं, तू विचारून आणलास आणि मी बघून दिला. यापेक्षा काय करणार होतो आपण? डॉक्टर म्हणाले होते की कदाचित त्याच ट्रेमध्ये आधी तीळ लावलेला ब्रेड भाजला असेल. कदाचित. नक्की काय झालं ते आम्हाला आजही माहीत नाही. तो तिथे रडला. आमच्या लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि मला आश्चर्य वाटलं की मला धीर वाटतोय. इतके दिवस मला वाटत होतं, या घरात भीती मी एकटीच सांभाळतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी आलो. बाहेर इतकं धुकं होतं की तिचा तंबू दिसत नव्हता. सासूबाईंनी शिरा केला होता. उरलेले पाव टाकून दिले होते, ओटा दोनदा धुतला होता. मुलगी जिना चढताना मध्येच थांबली आणि तिने विचारलं, "इज इट स्टिल माय बर्थडे?" मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, हो गं बाई, कालचा अर्धाच झालाय. मग उरलेला अर्धा झाला. तिने केक कापला, नवऱ्याने मुकुट घातला, आणि शेवटी वर्गातल्या दोन मैत्रिणींना व्हिडिओ कॉल लावून तिने त्यांना टोचल्याची जागा दाखवली, मोठ्या अभिमानाने.

त्या दुपारी ती झोपल्यावर मला तू आठवलीस, पण दवाखान्यातली नाही. ड्यूटीवरून आल्यावर मागच्या दाराशी बादलीत पाय सोडून बसायचीस, ती. आम्ही काही विचारलं तरी उत्तर द्यायची नाहीस. बाबा म्हणायचे, तिला बसू द्या जरा. मला वाटायचं तुला आमचा कंटाळा आलाय. बाटली धरून मी उभी होते त्या संध्याकाळीही तू तशीच बसली होतीस, पाणी गार होऊन गेलं तरी. तुझे हातही घरी येऊन कापत असतील का, आई? हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही, कारण तुला भीती वाटते हेच मला माहीत नव्हतं.

वर्ल्ड कप आला आणि गेला. रस्ते छान झाले, लोक पांगले, आमच्या ओळखीची निम्मी कुटुंबं परत गेली, आम्ही राहिलो. तुझी नात आता माझ्या खांद्याला लागते. पेन तिच्याच पर्समध्ये असतं, मैत्रिणींना ते कसं टोचायचं ते तिने स्वतः शिकवलंय. मागच्या महिन्यात ती म्हणाली, मम्मा, यू हॅव टू लेट मी गो. आणि मी जाऊ द्यायला लागलेय. आज अल गराफाला तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे. मैत्रिणीच्या आईशी मी आधी बोलले, सगळं विचारून घेतलं, मुलीला गेटपाशी सोडलं, आणि म्हटलं, मी मॉलमध्ये जाऊन येते, संपलं की फोन कर. तिने बरं म्हटलं आणि मागे वळूनही न बघता आत गेली.

हे लिहून झालं की ते कुठे जाणार नाही, तुझ्याकडे तर नाहीच. मी मॉलमध्येही गेलेले नाही. मैत्रिणीच्या व्हिलाच्या भिंतीला लागून गाडी उभी केलीय आणि मांडीवर वही घेऊन बसलेय. काच खाली आहे. आत मुली ओरडल्या की मी लिहायचं थांबते, त्यांत तिचं हसणं ऐकू आलं की पुन्हा लिहायला लागते.