एक दिवसाआड

३ मार्च, मंगळवार

शी! पोटाची नुसती चाळण झालीय. नाभीच्या उजवीकडे लालभडक गाठ, हात लागला तरी ठणकते. आजची पाळी डाव्या मांडीची, आणि तिथली मागचीच गाठ अजून विरलेली नाही. टोचलं तिच्या शेजारीच.

औषधवाल्यांनी दिलेलं चित्र फ्रिजवर चिकटवलंय – एक बाई, पुढून आणि मागून, अंगावर आठ चौकोन. एक दिवसाआड टोचायचं आणि त्या चौकोनात फुली मारायची. बाई हसते. आठ महिने झाले, हसतेच आहे.

नवरा ऑफिसातून आला की आधी ते चित्र बघतो, मग मला. "आपलं इंजेक्शन झालं का?" आपलं म्हणे. सुई माझ्या मांडीत.

४ मार्च

सकाळपासून कणकण. हाडं फोडून निघतायत. दर वेळी हेच. लॅबमध्ये कवळीच्या मेणात दात बसवताना हात थरथरला, दाढ तिरकी बसली. मालकांनी – बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत हसतात म्हणून आम्ही त्यांना बत्तीशी म्हणतो – ती उचलून बघितली. आज हसले नाहीत. "घरी जा बाई, पडा जरा." वीस वर्षं लोकांचे दात घडवतेय. पडा असं कुणी म्हणालं नव्हतं.

मल्टिपल स्क्लेरोसिस. नाव पुरं उच्चारेपर्यंत समोरच्याचा चेहरा उतरलेला असतो. माझंच शरीर माझ्या नसांवरचं आवरण कुरतडतंय. आणि हे औषध काही बरं करत नाही, पुढचा झटका टाळायचा म्हणून घ्यायचं. म्हणजे न आलेल्या दुखण्यासाठी एक दिवसाआड ताप! कंटाळा वगैरे नाही, किळस आलीय मला.

५ मार्च

टोचलं नाही. औषध बेसिनमध्ये सोडलं, सुई पिवळ्या डब्यात टाकली, चित्रातल्या बाईच्या उजव्या मांडीवर फुली मारली. नवऱ्याने बघितलं. "शाब्बास."

११ मार्च

चार डोस बेसिनला. ताप नाही, हात स्थिर. कामावरून येताना चक्क शिट्टी वाजवली. लग्नाआधी वाजवायचे, त्यानंतर आजच.

२२ मार्च, रविवार

नणंद आली होती. "वहिनी, तुझ्याकडे बघून कुणाला वाटणारसुद्धा नाही हं!" मग तिच्या मैत्रिणीची जाऊ – तिलाही म्हणे हेच होतं, रोज कोमट पाणी प्यायली आणि चालायला लागली. मी विचारलं, आधी काय गार पीत होती? आतून नवऱ्याला ठसका लागला. तिला कळलं नाही. माझा हात धरून रडायला लागली. मनगटावर तिचं कोमट पाणी. ती गेल्यावर साबणाने दोनदा धुतलं.

आता तर आपण खोटं करतोय याची आठवणही होत नाही. सुई दाबायची, नळ सोडायचा, फुली मारायची.

१४ एप्रिल

दात परत आला.

वरचा, पुढचा, एका शिक्षिकेचा. दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लावलीय – "पिवळा आहे. शेजारच्यांशी जुळत नाही." बत्तीशींनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुमचा दात परत येतो म्हणजे..." छटा जुळवण्यात मी वीस वर्षांत चुकलेले नाही. तणतणत छटांची पट्टी काढली, नेहमीसारखं भिंग डाव्या डोळ्याला लावलं. बरोबर तर आहे! म्हटलं, त्या डॉक्टरांचेच डोळे तपासा.

मग भिंग उजव्या डोळ्याला लावलं. पिवळाधमक.

बाटलीचं लाल झाकण समोर धरलं आणि एकेक डोळा झाकून बघितला. उजव्याने लाल. डाव्याने धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं. सगळेच रंग फिके दिसत होते, म्हणून मी त्या दातावर पिवळा चढवत गेले. डोळा फिरवला की मागून दुखतोही. चार दिवस दुखतोय. मी चष्म्याच्या नंबरावर ढकललं होतं.

१७ एप्रिल

झटकाच आहे, डाव्या डोळ्याच्या नसेला सूज. मेंदूच्या फोटोत दोन नवे डाग. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इंजेक्शन नियमित घेताय ना?"

मी म्हणाले, "एकही चुकलं नाही." नवरा खुर्चीचा हात नखाने खरवडत बसला होता.

"मग हे औषध तुम्हाला लागू पडत नाही. जास्त जोरकस द्यावं लागेल." डोळ्यासाठी तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड. मग ते नवं औषध, महिन्यातून एकदा. हातात कागद दिला – वाचा, सोमवारी सही करून आणा.

१९ एप्रिल

कागद पाच वेळा वाचला. क्वचित मेंदूत जंतुसंसर्ग होतो. त्यात माणूस दगावू शकतो. सही करावी तर एका थापेपायी हे अंगात घ्यायचं. न करावी तर सांगावं लागेल.

स्टिरॉइडने तोंडाला लोखंडाची चव आलीय. पण शिसारी त्याची नाही. माझी मलाच येतेय.

२० एप्रिल, सोमवार

सांगितलं. "बावीस डोस. बेसिनमध्ये."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तापाचं मला का नाही सांगितलंत? टोचायच्या आधी गोळी घेता येते. डोस कमी करून हळूहळू चढवता येतो. विचारायचं तरी." विचारायचं सुचलंच नाही. आठ महिने फणफणत होते फक्त. त्यांनी कागद परत घेतला. उद्यापासून पुन्हा तेच औषध, थोड्या डोसने. डोळा कितपत सुधारेल, आत्ता सांगता येत नाही म्हणाल्या.

नवऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

२१ एप्रिल

संध्याकाळी गोळी घेतली, डाव्या मांडीवरचा कपडा वर केला. नवरा शेजारी येऊन बसला. अंगठा फिरवून बघितला. कातडी गुळगुळीत.

"गाठी मार्चमध्येच विरल्या होत्या," म्हणाला. "मला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू शिट्टी वाजवत घरी यायला लागली होतीस."

म्हणजे डोळा आम्ही दोघांनी मिळून घालवला. सुई त्याच्या हातात दिली.