बर्फदेशाची लेक

३ जून
आजपासून रोजनिशी. योजना लिहून काढली की निम्मी फत्ते होते.
लेक अठरा वर्षांची झाली. माझ्याशी दिवसाला सरासरी चार शब्द बोलते. पण तिच्या भिंतीवर त्या कॉमिकचं पोस्टर आहे, ज्यात देश म्हणजे चक्क माणसं असतात. बर्फदेश, बेटदेश वगैरे. ऑनलाइन ग्रुपवर वाचकच यांची नाती जुळवतात: कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाची आत्या. आपणही शिरायचं. टोपणनावाने.

५ जून, दुपारी
चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. सहा भाग वाचले. कळलं काहीच नाही. तरी ठोकून दिलं की बेटदेश ही बर्फदेशाची मुलगी. मूळ गोष्टीत दोघं एकदाच भेटतात, तेही बंदरावर, ओझरती. चौदा जण हसले. फक्त 'खारट वारा' नावाच्या कुणीतरी लिहिलं, पटलं, पुढे लिही.
'लिही'! थेट एकेरी. घरचं माणूस लपत नाही. ही आमचीच.

१४ जून
ग्रुपवर 'खारट वाऱ्या'शी रोज गप्पा. तिने विचारलं, बर्फदेश मुलीला जवळ का घेत नाही? मी लिहिलं, त्याला जमत नाही. ती म्हणाली, मुलीला ते कळत असणार.
त्या नादात एका आजोबांचा डावा-उजवा नंबर उलटा लिहिला. असो. ते तसेही झोपूनच असतात.
जेवताना लेकीकडे सूचक हसलो. दातात काही अडकलंय का, असं तिने विचारलं. अभिनय उत्तम करते.

२ जुलै
तिला लांबच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. वीस तारखेला निघणार. त्याआधी सगळं सांगून टाकायचं. उद्याच.

३ जुलै
ती फोनवर होती. उद्या.

११ जुलै
घाईत अशा गोष्टी करू नयेत.

१९ जुलै
बोललो! ती बॅग भरत होती. म्हटलं, बेटदेश निघाली की बर्फदेशाला काय वाटतं, ते तुला ठाऊकच आहे.
ती थांबली. म्हणाली, बाबा, ते कॉमिक मी नववीतच सोडलं. पोस्टर ठेवलंय कारण मागे भिंतीला ओल आहे. मग जरा जवळ येऊन विचारलं, तू वाचतोस?
मी म्हटलं, छे! दुकानात कुणीतरी बोलत होतं.

२० जुलै
लेक गेली. बॅग उचलायला गेलो तर ती चाकांची निघाली.
खारट वाऱ्याला सरळ विचारलं, आपण कोण? उत्तर आलं. एक गृहस्थ निघाले, बंदरावर क्रेन चालवायचे. रिटायर होऊन चार वर्षं झाली. मुलगी परगावी असते, फोन करत नाही. त्यांनी लिहिलं, मला वाटलं होतं, तूच ती.
मग म्हणाले, पुढचा भाग तरी लिहू या. बसलो. बेटदेश घरी येते, दार उघडतं, इथवर छान जमलं. पण ती बापाशी काय बोलेल, ते दोघांनाही सुचेना.