घोट्याच्या दोऱ्या आणि गरम भाकरी

आबा, माझ्या उजव्या घोट्याचं ऑपरेशन झालं. तुम्ही असतात तर आधी हसला असतात, मग शेळ्यांना पाणी कोण दाखवतंय ते विचारलं असतंत. नारायणगडाच्या उतारावर एका उनाड बकरीमागं धावलो नि पाय मुरगळला. बरेच दिवस हळदीच्या लेपावर काढले, म्हणजे तुमचाच कित्ता गिरवला. तुमच्या डाव्या पायाची शीर तुटली तेव्हा तुम्ही डॉक्टरला म्हणाला होतात, "कापाकापी न्हाई करायची. शेळ्या काय तुमी राखताव का?" आणि जन्मभर लंगडलात. मला मात्र धास्ती बसली. पाय गेला असता तर कळप विकावा लागला असता, घरात दुसरं कुणी राखणारं नाही.

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. घोट्याच्या हाडामागं दोऱ्यांसारख्या दोन शिरा असतात. माझी एक उभी फाटली होती, ती शिवली. दुसरी पार कामातून गेली होती, तिला शेजारणीला जोडून दिलं. म्हणजे आपल्या गल्लीसारखंच, शेजाऱ्याच्या आधारानं चालायचं. ऑपरेशनच्या टेबलावर मी कमरेखाली बधिर, वर टक्क जागा. विचारलं, "शेळ्यांमागं जाता येईल न्हवं?" त्या म्हणाल्या, "आधी प्लास्टर, मग व्यायाम, मग शेळ्या. आणि बकरीशी शर्यत बंद."

तुमचं एक पाऊल ठाम नि एक फरफटतं अंगणात ऐकू आलं, की आई भाकरी तव्यावर टाकायची. "तुमी हात धुवा, तवर फुगती," म्हणायची. तुम्ही गेल्यापासून ती सगळ्या भाकरी एकदम करून ठेवते, आम्ही गार खातो. प्लास्टर निघाल्यावर मी काठी टेकत, पाय ओढत अंगणात आलो, तर आत भाकरी थापल्याचा आवाज. मला दारात बघून आई क्षणभर थबकली. मग म्हणाली, "बस. गरमच खा." मला लई बरं वाटलं, आबा.

हे पत्र उशाखालीच राहणार. आईला वाचता येत नाही तेच बरं, कारण पाय आता ठणठणीत झालाय. काल कळप घेऊन पुन्हा गडाखाली गेलो होतो. पण फाटकापासून चुलीपर्यंत मी अजून लंगडतो, गरम भाकरीपायी. काल गडबडीत डाव्या पायानं लंगडलो, तुमच्यासारखा. अर्ध्या अंगणात चूक ध्यानात आली, तरी पाय बदलला नाही. आईनं खाली पायाकडं बघितलं आणि भाकरीवर तूप जरा जास्तच सोडलं.