साहेबांनी बोलावलंय

११ फेब्रुवारी
ह्यांचं तेरावं झालं. पाहुणे गेले. शोकसभेत सगळे तेच बोलले — आधी वकील, मग जज, मग आमदार, पण शेवटपर्यंत सगळ्यांचं ऐकून घेणारा माणूस. मी मान खाली घालून बसले होते. लेक असून मयुरा आली नाही.

१३ फेब्रुवारी
सकाळी सावनेरहून कवडू नावाचे म्हातारे आले. हे वकील असताना त्यांची जमिनीची केस ह्यांच्याकडे होती. हरले होते. मी सांगितलं, साहेब आता नाहीत.
“मालूम हाय मले, बाई. कालच बोलावलं त्याइनं.”
ह्यांच्या ऑफिसात बसवलं. चहा घेऊन गेले तर ते रिकाम्या खुर्चीशी बोलत होते. मधेच थांबायचे, मान हलवायचे — समोरून कोणी बोलत असल्यासारखे. जाताना चेहरा अगदी हलका.

१६ फेब्रुवारी
आज जरीपटक्याच्या यमुताई. निवडणुकीत ह्यांनी त्यांच्या गल्लीत नळ देतो म्हणून सांगितलं होतं. आमदार झाले, विसरले. त्यांनाही बोलावणं! बाहेर आल्या त्या डोळे पुसत.
“माफी मांगतली वं त्याइनं. एवढा मोठा माणूस.”
त्या गेल्यावर आत जाऊन पाहिलं. कोणी नाही. खुर्ची गरम होती.

२० फेब्रुवारी
ह्यांनी शिक्षा दिलेला एक जण आला. तुरुंगातून सुटलेला. मी घाबरले होते. तो दुपारभर आत बसला. निघताना माझ्या पाया पडला.
सगळ्यांचं ऐकून राहिले! पोटच्या मुलीचं नाही ऐकलं. मयुरा दुर्गेशशी लग्न करून दारात आली, तेव्हा ह्यांनी आतून कडी लावली. मी म्हटलं, ती काय म्हणते ते तरी ऐका. म्हणाले, “निकाल झाला आहे.” तेव्हापासून ती खापरखेड्याला. एवढ्या जवळ, आणि पुन्हा पाऊल नाही.

२१ फेब्रुवारी
मला अजून बोलावलं नाही.

२४ फेब्रुवारी
न राहवून मयुराला फोन लावला. जे घडतंय ते सगळं सांगितलं. एकदा ये, म्हटलं, तुझंही ऐकतील. वेड लागलं का, असं तिने विचारलं नाही. म्हणाली,
“आई, त्या दारात मी पुन्हा उभी राहणार नाही. ऐकायचं असेल तर त्यांना इकडे यायला सांग.”
ऑफिसात गेले. खुर्चीसमोर उभी राहून तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांच्याशी इतकं सरळ बोलले असेन.

२५ फेब्रुवारी
आज कोणीच आलं नाही. घरात काही हललं नाही.

२६ फेब्रुवारी
पहाटे मयुराचा फोन. अगदी हळू आवाजात.
“आई, बाबा दारात उभे आहेत. खाली मान घालून. आत घेऊ?”
मी म्हटलं, तू ठरव.